सैनिकी कुटुंबांतील मुले : संगोपन व कल्याण (भारत)

लष्कर, नौदल व हवाई दल यांत नोकरीस असलेल्या, तेथून निवृत्त झालेल्या किंवा कर्तव्यावर कामी आलेल्या व्यक्तींच्या मुलांचे शिक्षण, आरोग्य व मनःस्वास्थ्य यांसाठी केलेली व्यवस्था. भारतात ती शाळा, भत्ते, सैनिक-पत्नींच्या कल्याण संघटना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अशा अनेक हातांनी चालते. तिचा मोठा भाग छावणीत राहणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून उभा राहिला. गावी आजी-आजोबांकडे वाढणारी जवानांची मुले मात्र तिच्या कडेलाच राहिली.

शाळा : सैनिकांच्या मुलांसाठी सरकारी शाळा काढण्याची सुरुवात इंग्रजी अमदानीतली. किंग जॉर्जच्या नावाच्या लष्करी शाळा जालंधर (ही पुढे चैलला हलली), अजमेर, बेळगाव (१९४५) व बंगळूर (१९४६) येथे निघाल्या; आज त्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून ओळखल्या जातात. बदलीचा प्रश्न या निवासी शाळांनी सुटणारा नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी बापाची पोस्टिंग बदलली की मुलाची भाषा, पुस्तके आणि परीक्षा मंडळ सगळेच बदले. १९६३ मध्ये वीस रेजिमेंटल शाळा केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांतून केंद्रीय विद्यालयांची साखळी तयार झाली. देशभर एकच अभ्यासक्रम आणि बदलीबरोबर प्रवेश, एवढ्या साध्या तजविजीने या मुलांचे जेवढे भले झाले तेवढे पुढच्या कोणत्याही योजनेने झाले नसावे. १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आर्मी पब्लिक स्कूल आता बहुतेक मोठ्या छावण्यांत आहेत. बदलीचा हाच प्रश्न अमेरिकेतही आहे; तेथे प्रत्येक राज्याचे शालेय नियम वेगळे असल्याने सैनिकांच्या मुलांसाठी राज्याराज्यांत करार करावा लागला आणि तो २००८ मध्ये अमलात आला.

सैनिक स्कूलबद्दल मात्र गैरसमज फार आहे. साताऱ्याचे सैनिक स्कूल (१९६१) हे या मालिकेतले पहिले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले तयार करणे हा त्याचा हेतू. ते सैनिकांच्या मुलांचे वसतिगृह नव्हे. सेवेतील व माजी सैनिकांच्या मुलांना तेथे काही जागा राखीव असतात, एवढेच. मुलींना या शाळांचे दार सर्वत्र उघडले ते २०२१-२२ मध्ये.

गावाकडची मुले : विवाहितांसाठीचे क्वार्टर सगळ्या जवानांना एकाच वेळी मिळत नाही. युनिट ‘फील्ड’ला, म्हणजे काश्मीर, सिक्कीम किंवा अरुणाचलच्या बाजूला गेले की फॅमिली बरोबर नेता येत नाही. मग एखाद्या छावणीत ‘एसएफ’ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टर मिळवायचे, नाहीतर बायको-मुलांना गावी ठेवायचे. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेथे वर्गातल्या अनेक मुलांचे वडील फौजेत असतात, त्यामुळे कुणाला आपण वेगळे आहोत असे वाटत नाही. हा आधार कोणत्याही शासकीय योजनेत मोजला जात नाही. ज्या गावातून एकटाच जवान भरती झालेला असतो, तेथील मुलाला तो मिळत नाही.

जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. पण ती युनिटच्या सोयीने, तुकड्यातुकड्यांनी मिळते. तान्हे असताना पाहिलेले पोर पुढच्या सुट्टीत बापाकडे जात नाही, आजीच्या पदराआड लपते. सैनिकी घरांत हा प्रसंग इतका नेहमीचा, की त्याची थट्टाच होते. दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी आईबरोबर बँक, रेशन, आजोबांची औषधे बघू लागते. बाप आला की घराचा कारभार त्याच्याकडे जातो, तो परतला की पुन्हा मायलेकींवर येतो. खटके उडतात ते बहुधा या अदलाबदलीच्या दिवसांत. म्हणून जाण्याच्या वेळी जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच परतण्याच्या वेळी घ्यावी लागते, ही गोष्ट घरोघर उशिराच उमगते.

पूर्वी ‘मार्फत ५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र जाई. बाप नेमका कुठे आहे हे त्या पत्त्यावरून मुलाला कधीच कळत नसे. आता व्हिडिओ कॉल होतात; पण उंचावरच्या चौकीत रेंज नसली आणि ठरलेल्या दिवशी फोन आला नाही, तर सगळे घर मोबाइलकडे बघत बसते. सीमेवर तणाव असताना वृत्तवाहिन्या त्यात भर घालतात. अशा वेळी टीव्ही बंद ठेवणे, मुलाला वयाला झेपेल एवढे खरे सांगणे, झोपण्या-जेवण्याचा नेम न मोडणे आणि निदान एका शिक्षकाला घरची स्थिती ठाऊक करून देणे, हे उपाय बिनखर्चाचे व उपयोगी आहेत. झोप उडणे, अंथरूण ओले होणे, अभ्यास अचानक घसरणे ही लक्षणे काही आठवडे टिकली तर समुपदेशकाकडे जावे. अशी सोय मोठ्या छावण्यांत आहे, तालुक्याच्या गावी अभावानेच.

संघटना व रजा : आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन (१९६६) ही या क्षेत्रातील मोठी संघटना, नौदल व हवाई दलातही तशा संघटना आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी छावण्यांत ‘आशा’ शाळा चालतात; बदली झालेल्या कुटुंबाला अशी शाळा पुन्हा शोधत बसावे लागत नाही, हे त्यांचे खरे मोल. २०२३ पासून महिला सैनिकांनाही महिला अधिकाऱ्यांप्रमाणेच प्रसूती व बालसंगोपन रजा लागू झाली.

कामी आलेल्यांची मुले : १९७१ च्या युद्धानंतर, हुतात्मा, बेपत्ता किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांची शिक्षण-फी सरकारने उचलली. २०१७ मध्ये या मदतीवर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून ती उठवण्याची विनंती केली, आणि २०१८ मध्ये मर्यादा रद्द झाली. मर्यादेमुळे वाचणारी रक्कम अर्थसंकल्पात दिसलीही नसती, म्हणून ती घालण्याचा निर्णय अधिकच खटकला होता. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या व सैनिक-विधवांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी मदत मिळते. २०१९ पासून मुलग्यांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये.

निवृत्तीनंतर : शिपाई किंवा नाईक म्हणून निवृत्त होणारा जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, तेव्हा मुले ऐन शाळेत असतात. छावणीत हिंदी-इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला आठवी-नववीत मराठी माध्यम जड जाते, आणि सीबीएसईची शाळा गावापासून लांब असते. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण विभागाची मुला-मुलींची वसतिगृहे आहेत, त्यांचा उपयोग होतो तो येथेच. पुढे अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत महाराष्ट्रात ५ टक्के जागा सैनिकांच्या मुलांसाठी असतात : माजी सैनिकांची मुले, राज्याचे रहिवासी असलेल्या सेवेतील सैनिकांची मुले आणि बदलीमुळे राज्यात आलेल्या परप्रांतीय सैनिकांची मुले असे त्यांचे तीन गट पाडले आहेत.