शिक्षक-नेतृत्व

शिक्षक-नेतृत्व : वर्गात शिकवत राहूनच सहकाऱ्यांच्या अध्यापनाला आणि शाळेच्या शैक्षणिक निर्णयांना वळण देण्याची शिक्षकाची भूमिका. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख या पदांशी तिचा संबंध येतोच असे नाही. महाराष्ट्रात मात्र नेतृत्व म्हणजे बढती हे समीकरण इतके रुळले आहे, की उत्तम शिक्षकाला नेता करायचे म्हणजे त्याला वर्गातून बाहेर काढायचे, असाच व्यवहार होतो. नागपूरच्या रामदासपेठेत सोमलवार हायस्कूलसारख्या खासगी संस्थांच्या शाळा आहेत, तशीच ही पेठ दवाखान्यांसाठीही ओळखली जाते. या दोन ठिकाणांतला फरक बोलका आहे : दवाखान्यात विभागप्रमुख झालेला डॉक्टर रुग्ण तपासणे सोडत नाही. कनिष्ठ डॉक्टर त्याच्या शेजारी उभे राहूनच शिकतात. शाळेत पद वाढले की तासिका घटतात आणि टेबलावर वेतनदेयके, पटनोंदी, माहितीचे तक्ते साचू लागतात.

राज्यातील खासगी शाळांना 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली लागू आहे. अल्पसंख्याक संस्था वगळता, अर्हता असलेल्या आणि सेवा समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकालाच मुख्याध्यापक नेमावे लागते. परिणामी पुष्कळांना ही खुर्ची निवृत्ती जवळ आल्यावर मिळते आणि तिची तयारी म्हणून हाताशी असतो तो केवळ अनुभव. छोट्या प्राथमिक शाळांत परिस्थिती याच्या उलट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार मुख्याध्यापकाचे पद प्राथमिक स्तरावर 150 हून अधिक, तर उच्च प्राथमिक स्तरावर 100 हून अधिक पट असेल तेव्हाच धरले जाते. दोनशिक्षकी शाळेत त्यामुळे वर्ग सांभाळणाऱ्याच एकाच्या गळ्यात शाळेचा कारभार पडतो. एकीकडे नेतृत्व फार उशिरा येते, दुसरीकडे न मागता येते; शिकवले ते कुठेच जात नाही.

कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शेजारच्या शाळांचे समूह करून शिक्षकांनी एकमेकांना आधार द्यावा, असे सुचवले होते. महाराष्ट्रात 1994 पासून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले ते याच कल्पनेच्या जवळ जाणारे. कल्पना चांगली होती. पण केंद्रप्रमुख हळूहळू माहिती गोळा करणारा दुवा झाला, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाठावर चर्चा होण्याऐवजी परिपत्रके वाचली जाऊ लागली. याला ठळक अपवाद सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट या शाळागटाचा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात उतरवली. फरशीवर अक्षरे आणि अंकांच्या चौकटी आखल्या गेल्या, मुले खाली बसून मणी-काड्यांनी दशक-एकक मांडू लागली. राज्यभरातील शिक्षक ते पाहायला आले आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात हे काम सर्वत्र पोहोचले. पाहुण्यांना पटवून देणारे होते ते प्रत्यक्ष चालू असलेले वर्ग. पुढे अनेक शाळांनी फरशी तेवढी रंगवली, शिक्षकांमधली चर्चा मागेच राहिली, हेही खरे.

शिक्षक-नेतृत्वाच्या कल्पनेवरचा पहिला आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो रास्त आहे. यॉर्क-बार आणि ड्यूक या संशोधकांच्या 2004 च्या आढाव्यातही, शिक्षक-नेतृत्वाने विद्यार्थ्यांचे शिकणे सुधारते याचा थेट पुरावा तोकडाच आढळला. मात्र व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या विश्लेषणात, शाळाप्रमुखाच्या कामांपैकी शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे याचा परिणाम सर्वाधिक दिसला. म्हणजे नेतृत्व अध्यापनाजवळ राहिले तर फळते. दुसरा आक्षेप ज्येष्ठतेचा : ती ढिली केली तर संस्थाचालकांच्या मर्जीतली माणसे वर येतील. ही भीती पोकळ नाही. खासगी व्यवस्थापनांच्या मनमानीपासून शिक्षकाला संरक्षण हवे होते, म्हणून तर कायदा आला. पण मुख्याध्यापकपदाची ज्येष्ठता अबाधित ठेवूनही गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षकांच्या कामाची आखणी त्यांच्यातीलच एकाकडे, ठरावीक मुदतीसाठी, फिरत्या पद्धतीने देता येते. सिंगापूरने 2001 पासून अध्यापन, नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ अशा तीन वेगळ्या वाटा ठेवल्या आहेत. तिथे वर चढण्यासाठी प्रशासनात जाणे हा एकच मार्ग नाही. आपल्याकडे 2023 मध्ये केंद्रप्रमुखांच्या 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली. ज्येष्ठतेला पर्याय म्हणून हे पाऊल योग्यच, पण लेखी परीक्षेतून दुसऱ्याचा पाठ पाहून नेमके काय सांगावे, हे कौशल्य कळत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा स्वतःचा : निवडणूक, जनगणना, ऑनलाइन नोंदी यांतून वेळ कुठे उरतो? कौतुकाचे प्रमाणपत्र देऊन जादा काम लादणे म्हणजे शिक्षक-नेतृत्व असेल, तर त्याला नकारच द्यावा. शिक्षण हक्क कायद्यातील आठवड्याचे 45 तास पूर्वतयारीसह धरलेले आहेत. सहकाऱ्याचा पाठ पाहणे आणि त्याच्यासोबत पुढचा पाठ बांधणे हे त्याच तयारीत मोडते. त्यासाठी आठवड्यातील दोन तासिका राखून ठेवाव्या लागतील आणि त्या बदली तासिकांसाठी कोणी ओढून नेणार नाही, याची हमी मुख्याध्यापकाला द्यावी लागेल. नियमावलीत दुरुस्ती न करताही हे करता येते. वेळापत्रकातल्या या दोन तासिकांचा निर्णय शाळेच्या हातात आहे, आणि विदर्भातील शाळांना तो उन्हाळी सुटीनंतर, जूनच्या अखेरीस, दरवर्षी नव्याने घेता येतो.