पाटणचा मठ आणि पंचांगातील वजाबाकी

चतुर्थी किती वाजेपर्यंत आहे हे पाहण्यासाठी या दिवसांत आपल्या घराघरांत पंचांग उघडले जाते. महाराष्ट्र सोडून आपल्याला पिढ्या लोटल्या, पण हे पुस्तक काही सुटले नाही. त्यातले रोजच्या स्पष्टग्रहांचे कोष्टक मात्र आपण सहसा वाचत नाही.

वाचायची रीत सोपी आहे. समजा, लागोपाठ पाच दिवस बुध एका राशीत १२ अंश आणि पुढे २०, ३१, ३६, ३६, ३१ कला असा दिला आहे. शेजारच्या आकड्यांची वजाबाकी केली की ११, ५, ०, उणे ५ कला ही रोजची गती मिळते. बाकी धन तोवर ग्रह मार्गी, शून्यापाशी स्तंभी, ऋण झाली की वक्री. ११ चे ५ झाले, तेव्हाच वळण जवळ आल्याची चाहूल लागते.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास असेच फरक सांगितले. आज शाळेत जिला साइन म्हणतात त्या ज्येचे, दर २२५ कलांना एक, असे २४ फरक त्याने दिले : २२५, २२४, २२२, २१९... शेवटी २२ आणि ७. सगळे धन, म्हणजे ज्या वाढतेच आहे. पण फरक घटत आहेत, म्हणजे वाढीचा वेग मंदावतो आहे. ९० अंशांशी तो संपतो.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पुढचे पाऊल टाकले. चंद्र दिवसाला सुमारे १२ ते १५ अंश चालतो आणि त्याची गती सतत बदलते. सबंध दिवसाची एकच गती धरली, तर तिथीची अखेर चुकते. म्हणून त्यांनी त्या क्षणाची 'तात्कालिक गती' घ्यायला सांगितली आणि ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम दिला. पडताळा घेऊ. ६० अंशांवर कोटिज्या त्रिज्येच्या निम्मी, म्हणून फरक २२५ च्या निम्मा, साडेबाराशे नव्हे, साडेबारा वर शंभर, म्हणजे ११२॥ हवा. आर्यभटाच्या यादीत ६० अंशांच्या अलीकडचा फरक ११९, पलीकडचा १०६. सरासरी ११२॥ !

याला संपूर्ण कलनशास्त्र म्हणण्याचा मोह आपण टाळावा. जे आहे तेच पुरेसे मोठे आहे.

ते टिकले कसे, हे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला. १२०७ च्या त्या लेखात मठाला दिलेल्या दानांची नोंद आहे आणि तिचा काही भाग जुन्या मराठीत आहे. ग्रंथ नुसते जपून ठेवायचे नाहीत, शिकवायचे आहेत, हे त्या नातवाने जाणले होते.

यंदा आरतीनंतर नातवंडांना जवळ घेऊन पंचांगाचे ते पान उघडू या आणि त्यांच्याकडून दोन वजाबाक्या करून घेऊ या.