काटा, सुरी आणि आपला हात



फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ऑफिसर्स मेसमधलं पहिलं औपचारिक जेवण अजून आठवतं. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. शेजाऱ्याकडे बघत काटा-सुरी चालवली आणि कोंबडीची तंगडी निसटून थेट टेबलक्लॉथवर गेली. सगळे हसले. मी अर्धपोटी उठलो. त्या दिवसापासून मनात बसलं, की काटा-सुरीने जेवतो तोच सुसंस्कृत. आज त्या काट्याचाच इतिहास पाहू.

युरोपात सुरी आणि चमचा जुने, जेवणाचा काटा मात्र बराच उशिरा रुळला. अकराव्या शतकात व्हेनिसच्या राज्यप्रमुखाची बायझंटाईन पत्नी सोन्याच्या काट्याने जेवायची. पीटर डेमियन या ख्रिस्ती धर्मगुरूने ही चैन म्हणून तिच्यावर कडक टीका केली.

पुढे १६०८ साली थॉमस कोरियाट नावाचा इंग्रज इटलीत फिरला. १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने तिथल्या काट्याचं नवल सांगितलं. कारणही दिलं: मांस सगळ्यांच्या मधल्या एकाच थाळीत असतं आणि सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात! मायदेशी परतल्यावर तो स्वतः काट्याने जेवू लागला, तेव्हा त्याच्याच विद्वान मित्राने त्याची थट्टा केली. म्हणजे ज्या काट्यावरून आपण हसू करून घेतलं, त्याच काट्यावरून एके काळी इंग्रजाला इंग्रज हसत होते.

आता गंमत ऐका. हाच कोरियाट पुढे बराचसा प्रवास पायी करत हिंदुस्थानात आला. अजमेरला बादशाह जहांगीरासमोर फारसीत भाषण करून त्याने शंभर रुपये बक्षीस मिळवलं. १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेत वारला.

मित्रहो, काटा हा एका अडचणीवरचा उपाय होता. तीच अडचण आपल्या पंगतीने वेगळ्या तऱ्हेने सोडवली. ज्याचं त्याचं वेगळं ताट किंवा पान, हात धुऊन बसायचं, वाढप्याने पळीने वाढायचं, उष्ट्या हाताने वाढायच्या भांड्याला शिवायचं नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की तंजावरला, आजीने हेच शिकवलं असेल. हातानं जेवण्यातही शिस्त आहेच.

काटा-सुरी जरूर शिकावी. जिथे जावं तिथली रीत पाळावी. पण तीवरून माणूस जोखू नये. हे मला उशिरा कळलं. वरिष्ठ झाल्यावर हाताने हाड उचललं म्हणून एका नव्या लेफ्टनंटला मी चारचौघांत टोकलं होतं. तोही त्या रात्री अर्धपोटी उठला. माझी तंगडी मी विसरलो नव्हतो, तरीही टोकलं. त्याची लाज मला आजही वाटते.

जय हिंद.