स्थूल देह आणि मास्तरांची दृष्टी

भीमा आणि नीरा यांच्या संगमावरील नरसिंहपूर क्षेत्री नृसिंहाची जी मूर्ती आहे, ती प्रल्हादाने स्वहस्ते वाळूची घडविली अशी आख्यायिका आहे. विंचूरकरांनी उभारलेल्या तेथील देवालयात दर्शनास जाणाऱ्या भाविकांच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती ही की, प्रल्हाद हा प्रथम एक विद्यार्थी होता, आणि शंड व अमर्क हे त्याचे शिक्षक. गुरू घरकामास उठून गेले असता हा मुलगा सवंगड्यांस उपदेश करतो, असे भागवताच्या सप्तम स्कंधात वर्णन आहे. गुरुद्वयास मात्र तो बिघडलेलाच वाटला. शिष्याविषयीचे मत आधी ठरवावयाचे व परीक्षा मागाहून घ्यावयाची, ही रीत इतकी जुनी आहे.

या परिसरातीलच एका शाळेत मी शिकलो. स्नेहसंमेलनात प्रल्हादाचे नाटक होई आणि आमच्या वर्गातील एका स्थूल मुलाकडे दरवर्षी हिरण्यकशिपूचे काम येई. प्रल्हादाची सर्व भाषणे त्याला मुखोद्गत होती. पडद्याआडून तोच ती प्रल्हादास सांगे. पण या देहाचा प्रल्हाद कोणी कल्पिलाच नाही. (वस्तुतः भागवतातील हिरण्यकशिपू तपश्चर्या करता करता केवळ अस्थिशेष उरला होता, परंतु मास्तरांनी तो अध्याय वाचला नसावा.) हजेरी घेताना एक शिक्षक त्याला 'कणगी' म्हणून पुकारीत. वर्ग हसे. मीही हसलो आहे.

'कणगी' या शब्दात आमच्या मुलुखाचा इतिहास साठविलेला आहे. बारामती-इंदापूरचा हा भाग अवर्षणाचा. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्यात शेतकऱ्यांचा रोख कर्जाच्या खतांवर व वह्यांवर होता. आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला तो १८७८ पर्यंत. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले ते त्यानंतर. अशा प्रदेशात भरलेले अंग म्हणजे घरात भरलेली कणगी, असा अर्थ लोकांनी लाविला तर नवल नाही. त्या अर्थात आदर होता तसा मत्सरही होता. पण एक गोष्ट त्यात नव्हती : स्थूल मनुष्य बुद्धीने मंद असतो, हा आरोप.

उलटपक्षी, एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांस काळजी होती ती कृश विद्यार्थ्याची. १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात गेल्यावर टिळकांनी पहिले वर्ष बव्हंशी व्यायामास वाहिले, ते प्रकृती अशक्त होती म्हणून. आणि ज्या दैवताला वंदन करून आमच्या मुलांची पाटी सुरू होते, तो गणपती तर लंबोदरच. महाभारताचे लेखन केल्याची ख्याती त्याच्याकडे आहे. मग हा आरोप आला कोठून?

माझ्या मते भाषेचा यात काही वाटा आहे. तीव्र बुद्धीला आपण कुशाग्र म्हणतो, म्हणजे दर्भाच्या टोकासारखी. मंदाला जाड डोक्याचा म्हणतो. विचारही सूक्ष्म असेल तर वरचा, स्थूल असेल तर खालचा. ही केवळ रूपके होती. ज्याचा सगळा व्यवसायच शब्दांचा, त्या शिक्षकाने ती बुद्धीवरून उचलून देहावर लादली. दुसरा वाटा आकड्यांचा. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे, हे सूत्र केटले या बेल्जियन गणितज्ञाचे, १८३० नंतरच्या दशकातील. त्याला सरासरी मनुष्य शोधावयाचा होता. कोणा एकाचा लठ्ठपणा मोजण्याचा त्याचा हेतू नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अॅन्सेल कीझ यांनी दिले ते १९७२ मध्ये, आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पुढे मात्र तो आकडा एकेका मनुष्याच्या पाठीशी लागला, आणि पूर्वी ज्यास नुसती थट्टा म्हणत, तीस आरोग्याच्या कळकळीचा वेष मिळाला.

या थट्टेची किंमत गुणपत्रिकेत भरावी लागते. २०१३ मध्ये मॅकॅन आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी दाखविले की, बुद्धीच्या व ज्ञानाच्या प्रमाणित कसोट्यांत स्थूल विद्यार्थी इतरांच्या बरोबरीने उतरतात, पण शाळेने दिलेल्या श्रेणीत मागे पडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात पाचवी ते आठवीपर्यंत मुलांचा मागोवा घेतला होता. ज्यांचे वजन वाढले त्यांच्याविषयी शिक्षकांचे मत उतरत गेले. कसोटीतील गुण मात्र उतरले नव्हते. म्हणजे मुलगा होता तेथेच होता. फिरली ती शिक्षकाची नजर.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. छडीचा वळ दाखविता येतो. 'कणगी' या हाकेची तक्रार घेऊन कोणता पालक मुख्याध्यापकांकडे जाईल? गेलाच तर 'अहो, प्रेमाने म्हणतात' हे उत्तर त्यास मिळेल, आणि ते पुष्कळदा खरेही असेल.

हे अभ्यास वाचल्यावर मी माझ्या तोंडी परीक्षांच्या जुन्या वह्या काढल्या. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थी देहासह समोर बसतो. ज्यांचे चेहरे मला आठवत होते, त्यांतील काही स्थूल मुलामुलींना मी लेखीच्या मानाने बरेच कमी गुण दिले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उत्साह कमी' असे लिहिले होते. तो उत्साह मी कशाने मोजला होता, हे मला सांगता येईना. तेव्हापासून तोंडी परीक्षेस मी एका सहकाऱ्यास शेजारी बसवितो. दोघे वेगवेगळे गुण मांडतो आणि मग ताडून पाहतो. आजवर दोन वेळा माझा आकडा मला बदलावा लागला आहे.