दारापर्यंत आणणारा माणूस

पुण्याकडे ज्याला रविवार म्हणतात त्याला नागपूरकडे इतवार म्हणण्याची चाल आहे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावे त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांची आठवण जागी ठेवतात. त्यांत इतवारीचा लौकिक घाऊक व्यापाराचा. सराफ्यातल्या सोन्यापासून किराण्यातल्या हळद-मिरचीपर्यंत विदर्भातील लहानमोठ्या दुकानदारांना लागणारे सारे काही येथे मिळते. त्याच पसाऱ्यात सायकलचे पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, चपलांचे तळ चिकटवण्याचा डिंक आणि रंग पातळ करण्याचा थिनर या वस्तूही असतात. त्यांच्यावाचून कारागिरांचे हात अडतात, म्हणून त्या विकणाऱ्याला दोष देणे कठीण. परंतु फडक्याच्या बोळ्यावर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत थोडे सोल्यूशन पिळून ते हुंगणारी दहा-बारा वर्षांची मुले मोठ्या बाजारांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या परिसरात दिसतात, आणि नागपूर त्याला अपवाद नाही. या नशेने भूक मरते, थंडी जाणवत नाही आणि रात्र निभावते, असे ती मुले सांगतात.

अशा मुलाला निवासी उपचारापर्यंत न्यायचे असेल तर त्याची तयारी कोणी आणि कशी करावी, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. तो वाटतो तितका नवा नाही. त्याला सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे, आणि त्याचे काही धागे आपल्या धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या कार्यात गुंतलेले आहेत.

वाफ हुंगून धुंद होण्याचा आरंभ उकिरड्यावर झाला नाही. १७९९ साली ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला आणि मित्रांनाही दिला. इथरच्या वाफेने हसण्या-नाचण्याच्या बैठका त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेतील सुशिक्षितांत रंगू लागल्या. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन या दंतवैद्याने त्याच इथरने रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले. जे द्रव्य यातना थांबवते तेच माणसाला गुंतवूही शकते, याची साक्ष लवकरच आयर्लंडमध्ये मिळाली. कॅपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून दारूबंदीची शपथ देण्यास सुरुवात केली आणि लक्षावधी आयरिश माणसांनी ती घेतली. पुढे उत्तरेकडील काही परगण्यांत लोक इथर पिऊ लागले. शपथ दारूची होती, इथरची नव्हती, असा सोयीचा अर्थ काहींनी काढल्याचे सांगितले जाते. इथर स्वस्त होते, वाण्याच्या दुकानातही मिळत होते. पाळकांनी व्यासपीठावरून कितीही बजावले तरी ही चाल दशकानुदशके टिकली. १८९० च्या सुमारास इथरची गणना विषांत झाली आणि त्याच्या मुक्त विक्रीला आळा बसला, तेव्हा ती ओसरू लागली. फादर मॅथ्यूंच्या थोर कार्याला यामुळे कमीपणा येत नाही. एक व्यसन सुटले तरी त्यामागचे दारिद्र्य आणि थकवा जागच्या जागी राहिला, एवढेच आम्हांस यातून दिसते.

डिंकाची पाळी विसाव्या शतकात आली. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत खेळण्यांची विमाने जोडण्याचा डिंक हुंगणाऱ्या मुलांच्या बातम्या झळकू लागल्या. त्या बातम्यांनीच ही खोड गावोगाव पोहोचवली, असे मत पुढे अभ्यासकांनी मांडले. आजही आपल्या वृत्तपत्रांतून नशेच्या वस्तूचे नाव, किंमत आणि कृती तपशिलाने छापली जाते तेव्हा त्या मताची आठवण व्हावी. १९६९ मध्ये तेथील एका उत्पादकाने आपल्या डिंकात मोहरीचा तिखट अर्क मिसळला, जेणेकरून हुंगणाऱ्याचे नाक झोंबावे. त्याच दशकात जपानमध्ये घरबसल्या वहाणा चिकटवणाऱ्या कारागिरांचे हातपाय लुळे पडू लागले. डिंकातील हेक्झेन हे द्रव्य नसा कुरतडते हे त्यातून उलगडले. पोटासाठी डिंक हाताळणारा आणि नशेसाठी तो हुंगणारा, दोघांनाही एकच द्रव्य छळत होते. १९७० मध्ये मिलर्ड बास या अमेरिकी डॉक्टराने हुंगता हुंगता अचानक मरण पावलेल्या ११० तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येकांचा मृत्यू धावपळीनंतर किंवा मानसिक ताणाच्या क्षणी झाला होता. वाफेने हृदय इतके हळवे झालेले असते की भीतीचा एक झटका त्याचा ताल बिघडवू शकतो.

आता निवासी उपचाराकडे वळू. दारूड्याला रुग्ण मानून खाट देण्याची कल्पना एकेकाळी रुग्णालयांनाच मान्य नव्हती. अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिचे एक संस्थापक डॉ. रॉबर्ट स्मिथ यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयातील दाखला-कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टर इग्नेशिया यांच्याकडे एका रुग्णासाठी शब्द टाकला. मूळच्या आयर्लंडच्या या धर्मभगिनीने कागदावर जठरदाहाचे निदान लिहवून त्याला आत घेतले, आणि त्याची खाट रुग्णांसाठी आलेली फुले ठेवण्याच्या खोलीत लावली. पुढे तेथे स्वतंत्र विभाग झाला आणि हजारो माणसे त्यातून गेली. निरोप देताना सिस्टर प्रत्येकाच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा बिल्ला ठेवत आणि सांगत की पहिला घोट घेण्याआधी हा मला परत आणून द्यावा.

बिल्ल्याची ही हकीगत पुष्कळदा सांगितली जाते. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती दाखल्याची रीत. सिस्टरांकडे येणाऱ्या रुग्णासोबत एक जामीन लागे. स्वतः व्यसनातून सुटलेला हा माणूस त्याला घेऊन येई, त्याच्या निश्चयाविषयी शब्द देई, मुक्कामात भेटे आणि बाहेर पडल्यावर त्याच्या पाठीशी राही. चौघांनी खाटेसकट उचलून छप्पर उसकटून प्रभूपुढे सोडलेला पक्षाघाती आपल्या वाचकांना आठवेलच. सिस्टरांच्या दारातही आणणाऱ्याची नोंद रुग्णाइतकीच महत्त्वाची होती. निवासी उपचाराची तयारी म्हणजे आधी हा माणूस शोधणे, असे त्या रीतीवरून म्हणता येईल.

महाराष्ट्रात ही परंपरा दोन वाटांनी रुजली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. स्वतः मद्यासक्तीतून सावरलेल्या या धर्मगुरूने बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. वसईकरांना पापडीच्या केंद्रामुळे कृपाचे नाव घरचे झाले आहे. दुसरी वाट पुण्याची. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी तेथे घडवलेली पाच आठवड्यांची पद्धत रुग्णाइतकीच त्याच्या घरावर बेतलेली आहे. पत्नींसाठी सहचरी मेळावे आहेत, आईवडिलांशी बोलणे आहे, घरी परतल्यावरचा पाठपुरावा आहे. दोन्ही ठिकाणी आधी दारू आणि गर्द यांनी ग्रासलेले प्रौढ येत. त्यांना हाताला धरून आणणारी आई, बायको वा भाऊ बहुधा असे.

इतवारीत सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलाला ते नसते, किंवा असून उपयोगाचे नसते. अडचण नेमकी येथे आहे.

कायद्याचेही लक्ष या नशेकडे उशिरा गेले. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा अफू, गांजा, कोका आणि मनोप्रभावी द्रव्यांचा. डिंक-थिनर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जुलै २०१२ मध्ये केंद्र शासनाने बाटलीबंद व्हाइटनर व त्याच्या थिनरच्या विक्रीस मनाई केली. पंक्चरच्या सोल्यूशनला असे हटवणे शक्य नव्हते. बालकास मादक पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली, पण त्या कलमातही सोल्यूशनचे नाव स्पष्टपणे आलेले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांतील नशेची देशव्यापी पाहणी करण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढांपेक्षा मुलांत अधिक प्रमाणात आढळलेली नशा तीत एकच होती, हुंगण्याची: प्रौढांत ०.५८ टक्के, १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. सुमारे ४.६ लाख मुलांना मदतीची गरज असल्याचा अंदाज निघाला, आणि अशा मुलांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आले.

इतवारीतून दरवर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते. शंभराहून अधिक वर्षांची ही प्रथा. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते घेऊन जा, अशा आरोळ्या देत लोक तो पुतळा वेशीबाहेर नेऊन जाळतात. आम्हांस ती मिरवणूक प्रिय आहे. मात्र हुंगणाऱ्या मुलाशीही समाज त्याच न्यायाने वागतो. दुकानासमोरून त्याला हाकलले जाते, फलाटावरून दामटले जाते, आणि तो पुढच्या ओट्याखाली जाऊन बसतो. बासची नोंद लक्षात घेता त्याला दरडावणे वा त्याच्या मागे धावणे जिवावर बेतू शकते. तयारीची पहिली पायरी म्हणूनच अगदी साधी आहे: हाती बोळा असताना त्याला घाबरवू नये, बोळा बाजूला ठेवला जाईपर्यंत शांतपणे जवळ बसावे, आणि बोलणे शुद्धीच्या वेळी, शक्यतो सकाळी, खाणे देऊन करावे.

पुढचे काम डॉक्टरांचे. इतवारीतील मुलाला मेयो रुग्णालय पायी जाण्याजोगे आहे. नेताना सोल्यूशनची रिकामी नळी बरोबर घ्यावी, म्हणजे त्यात कोणते द्रव्य आहे याचा अंदाज बांधता येतो. टोल्युइनने मूत्रपिंडे बिघडून रक्तातील पोटॅशियम घसरते आणि स्नायू गळून जातात; म्हणून रक्ताची तपासणी, हृदयाचा आलेख, यकृत-मूत्रपिंडांची चाचणी आणि नसांची परीक्षा दाखल्याआधीच व्हायला हवी. अफूजन्य नशेसाठी जशी पर्यायी औषधे आहेत तशी या नशेसाठी नाहीत. सोडल्यावर काही दिवस चिडचिड, घाम, निद्रानाश होतो. ते सरल्यावरही लक्ष लागत नाही, आठवण राहत नाही. मेंदूतील नसांच्या आवरणाला झालेली इजा भरून यायला वेळ लागतो, आणि ती सर्वस्वी भरून येईल असे वचन कोणी देऊ नये. पाच आठवड्यांत सारे आटोपेल या समजुतीने मुलाला नेणे ही त्याची फसवणूकच होय.

मुलाची स्वतःची तयारी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ही मुले टोळीने हुंगतात, एकाच बोळ्यावर तिघे-चौघे. टोळी हेच त्यांचे घर. केंद्रात जाणे म्हणजे त्याच्या लेखी ते घर सोडणे. त्याची साठवलेली नाणी कोणाकडे राहतील, धाकट्या सोबत्याला रात्री कोण सांभाळेल, मारतील का, कोंडतील का, बाहेर कधी सोडतील, या प्रश्नांची खरी उत्तरे त्याला आधी मिळाली पाहिजेत. उत्तर गैरसोयीचे असेल तरी खरेच द्यावे. खोटे सांगून नेलेला मुलगा पहिल्या संधीला भिंत ओलांडतो आणि पुन्हा कोणाचे ऐकत नाही, असा अनुभव या क्षेत्रातील कार्यकर्ते सांगतात.

उरतो तो कागद. बेवारस मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते आणि त्याला बालकल्याण समितीपुढे नेले जाते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनजन्य विकारांनाही लागू आहे. त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या दाखल्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे सामान्यतः पालकाचा, अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे, मुलाची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी असावी, आणि मुक्कामभर प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या परिचारकाने मुलासोबत राहावे, अशी त्यात तरतूद आहे. मुक्काम तीस दिवसांवर गेला तर पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. सिस्टर इग्नेशियांच्या दारातला जामीन येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा भेटतो.

आणि प्रतिनिधी होण्यास कोणीच पुढे आले नाही, तर? कायद्याने तेही गृहीत धरले आहे. मंडळाने अशा वेळी राज्याच्या समाजकल्याण विभागाच्या संचालकांना, अथवा ते नेमतील त्या व्यक्तीला, मुलाचा प्रतिनिधी करावे असे त्यात म्हटले आहे. म्हणजे इतवारीतल्या त्या मुलाला दारापर्यंत आणणारा माणूस कागदोपत्री पुण्याच्या एका कार्यालयात बसलेला असू शकतो. खाटेशेजारी रात्रभर बसण्यासाठी मात्र कोणीतरी नागपुरातलेच लागेल.