‘लिबर्टी’ : नावातच स्वातंत्र्य असलेले चित्रपटगृह

#धागा

धोबीतलावच्या चौकाला वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. मुंबईकर मात्र त्याला ‘मेट्रो’ म्हणूनच ओळखतात, कारण कोपऱ्यावर मेट्रो चित्रपटगृह उभे आहे. तेथून पाचेक मिनिटे चालत गेले, की बॉम्बे हॉस्पिटलजवळ आणखी एक चित्रपटगृह लागते. दर्शनी भागावर उभा मनोरा आणि त्यावर नाव : लिबर्टी. मेट्रो १९३८ चे, लिबर्टी १९४९ चे. या अकरा वर्षांत मुंबईच्या प्रेक्षकाचे स्थान कसे बदलले, याची ही कथा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पण भारतीय चित्रपट वाढला तो फोर्टात नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये कोरोनेशनमध्ये लागला, पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मॅजेस्टिकमध्ये. दोन्ही ठिकाणे गिरगावच्या परिसरातली. गिरगाव, ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड हा देशी चित्रपटाचा मुलूख होता.

दक्षिणेकडे वेगळीच सृष्टी नांदत होती. १९३३ मध्ये रीगल उघडले, तेही लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रपटाने. १९३८ मध्ये इरॉस आणि मेट्रो आले. मेट्रो तर एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचेच. त्याचा आराखडा न्यूयॉर्कच्या थॉमस लँब यांचा. संगमरवर, वातानुकूलन, गुबगुबीत आसने हे सारे वैभव होते आणि पडद्यावर प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट. हिंदी चित्रपट येथे लावू नये असा काही कायदा नव्हता. तशी गरजही नव्हती. कोणत्या भाषेच्या प्रेक्षकाला गालिचा मिळावा आणि कोणाला लाकडी बाक, हे शहराच्या नकाशाने न बोलता ठरवून टाकले होते.

हबीब हुसेन यांनी नेमक्या या सीमेवर जागा निवडली. पायाभरणी १९४७ सालची. नावही त्या वर्षाच्या स्वातंत्र्यावरून. मेट्रोच्या तोडीचे किंबहुना त्याहून देखणे चित्रपटगृह बांधायचे आणि त्यात हिंदी चित्रपट दाखवायचा, हा त्यांचा संकल्प होता. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण त्या वेळी फाळणीने लाहोर-कराचीची बाजारपेठ एका रात्रीत परदेश झाली होती, कलावंत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होते. अशा काळात सुमारे १२०० आसनांचे आलिशान चित्रपटगृह उभारणे, तेही ‘इंग्रजी’ मानल्या गेलेल्या भागात, हा व्यापारी दृष्टीने जुगारच होता.

बांधकामाची कथाही सरळ नाही. मूळ वास्तुविशारद रिडली ॲबट यांचा काम पुरे होण्यापूर्वीच विमान अपघातात मृत्यू झाला. पुढचे काम जे. बी. फर्नांडिस यांनी पार पाडले. आणि अंतर्भागाची सजावट सोपवली गेली वामन मोरेश्वर नामजोशी यांच्याकडे.

येथे जरा थांबू या. लिबर्टीची जी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, ती जवळजवळ सगळी आतली असतात. सागवान आणि सीडरच्या लाकडाचे तक्ते, वळणदार जिना, भिंतींवरून झुकणाऱ्या गिलाव्याच्या रेषा, पडद्याच्या दोन्ही अंगांना जागच्या जागी गोठल्यासारखी दिसणारी कारंजी. छायाचित्राखाली ‘आर्ट डेको’ हा शब्द असतो, नामजोशींचे नाव क्वचित. ही शैली पॅरिसहून आली, न्यूयॉर्कला फोफावली, मुंबईत ‘आयात’ झाली असे आपण शिकतो. तो क्रम खरा आहे. परंतु आयात झालेल्या वस्तूला येथल्या कोणाचा तरी हात लागतोच, आणि तो हात आपल्या इतिहासलेखनात वारंवार निनावी राहतो. याच नामजोशींनी पुढे जयपूरचे राजमंदिर घडवले. ते १९७६ मध्ये सुरू झाले. दोन्ही वास्तू शेजारी ठेवून पाहिल्या, तर एका कलावंताचा २७ वर्षांचा प्रवास दिसतो : लिबर्टीतील संयत रेषा जयपुरात जाऊन लाटांसारख्या उसळलेल्या आहेत. मराठीत त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ असायला हवा, असे मला मनापासून वाटते. (शोधप्रबंधाचा विषय धुंडाळणाऱ्या मित्रांनी ही सूचना समजावी.)

मार्च १९४९ मध्ये लिबर्टीचे उद्घाटन झाले ते मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने. दिलीपकुमार, राज कपूर आणि नर्गिस एकत्र असलेला हा चित्रपट. त्यातील गंमत पाहा. नायिका आधुनिक वळणाची, मोकळेपणाने वागणारी; त्या मोकळेपणाचा अर्थ चुकीचा लावला जातो आणि शेवटी शिक्षा भोगते ती तीच. पाश्चात्त्य राहणीपासून सावध राहा, असे चित्रपट बजावतो. आणि ते ऐकणारा प्रेक्षक बसला आहे मुंबईतल्या अत्यंत पाश्चात्त्य थाटाच्या दालनात, थंड हवेत! नव्या राष्ट्राचे मन आधुनिकतेविषयी किती दुभंगलेले होते, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

२५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या सुमारास, ‘मदर इंडिया’ याच पडद्यावर झळकला आणि वर्षाहून अधिक काळ तेथेच राहिला. चिखलात रुतलेली, नांगर ओढणारी राधा मरीन लाइन्सच्या या दालनात शहरी प्रेक्षकाने पाहिली. एका दशकात हिंदी चित्रपट या भागात पाहुणा उरला नव्हता.

मधली वर्षे झपाट्याने ओलांडू. दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, मध्यमवर्ग घरी बसून चित्रपट पाहू लागला. चित्रपटगृहांची देखभाल घसरली आणि त्यामुळे कुटुंबे आणखी दूर गेली. हे चक्र काही काळ उलटे फिरवले ते ‘हम आपके है कौन’ने. ऑगस्ट १९९४ मध्ये राजश्रीने हा चित्रपट मोजक्या ठिकाणी, सुधारलेल्या चित्रपटगृहांत, चढ्या दराने लावला आणि त्याच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ दिल्या नाहीत. लिबर्टीत तो शंभराहून अधिक आठवडे चालला. कधीकाळी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरणाऱ्या एम. एफ. हुसेन यांनी तर तो वारंवार पाहिला. आज आपण मल्टिप्लेक्सच्या दरांबद्दल कुरकुरतो, त्या अर्थकारणाची एक मुळी येथे रुजलेली आहे : ज्या क्लृप्तीने लिबर्टी तरले, तिच्यातूनच त्याचे प्रतिस्पर्धी जन्मले.

मल्टिप्लेक्सच्या लाटेत मेट्रोचे २००६ मध्ये अनेक पडद्यांत विभाजन झाले. इरॉस २०१७ मध्ये बंद पडले आणि २०२४ मध्ये नव्या रूपात उघडले. लिबर्टी कोणत्याही साखळीत गेले नाही. हबीब हुसेन यांचे पुत्र नझीर हुसेन यांनी ते एकपडदाच ठेवले. मोटार शर्यतींच्या क्षेत्रातही त्यांचे नाव मोठे होते. पण १२०० आसने रोज चार खेळांना भरत नाहीत, हे अंकगणित कोणालाही सुटत नाही. नियमित खेळ थांबले आणि दालन मैफली, नाट्यप्रयोग, समारंभ व महोत्सवांसाठी दिले जाऊ लागले. अनेक जुने रसिक याला ऱ्हास म्हणतात. मी म्हणत नाही, आणि त्यामागे एक अनुभव आहे.

पदवीच्या वर्गात असताना मी प्रथम लिबर्टीत गेले ती ‘कशिश’ या एलजीबीटी चित्रपट महोत्सवासाठी. खरे सांगायचे तर चित्रपटांपेक्षा वास्तू पाहण्याचा लोभ अधिक होता. वहीत टिपणे काढायची ठरवली होती. एक मैत्रीण सोबत होती. जिन्यावर तरुण मुले, साड्या नेसलेली तृतीयपंथी मंडळी, मुलाचा हात धरून आलेल्या एक आजी. दिवे मंदावले तेव्हा मैत्रीण हळूच म्हणाली, “इथे कोणी मागे वळून बघत नाहीये गं.” ती हे वास्तूबद्दल बोलत नव्हती, हे मला जरा उशिरा कळले. त्या दिवशी वहीत एक ओळही लिहिली गेली नाही.

आता तारखा ध्यानात घ्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले. समलिंगी संबंध गुन्हा ठरणे थांबले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. या दोन तारखांच्या मध्ये, २०१४ पासून, हा महोत्सव लिबर्टीत भरत होता. म्हणजे कायद्याच्या लेखी जे गुन्हेगार होते, ते वर्षातले काही दिवस स्वातंत्र्याच्या नावाने बांधलेल्या दालनात, गालिच्यावरून चालत, आपल्या कथा मोठ्या पडद्यावर पाहत होते. कोणाला गालिचा आणि कोणाला बाक, हा १९४७ चा प्रश्न ६७ वर्षांनी त्याच जिन्यावर निराळ्या माणसांसाठी उभा राहिला. हबीब हुसेन यांच्या मनात हे असणे शक्य नव्हते. वास्तूंचा इतिहास बांधणाऱ्याच्या हेतूपाशी संपवू नये, तो यासाठीच.

अशा दालनाला टिकवायचे कसे, याचे उत्तर वारसा यादीतील नोंदीने मिळत नाही. वातानुकूलन, वीज, लाकडाची निगा, कर : सगळ्याला रोकड लागते, आणि ती दार उघडे राहिले तरच येते.

तुमच्यापैकी कोणी तेथे कार्यक्रमाला गेलात, तर अर्धा तास आधी पोहोचा. दिवे मंद होण्यापूर्वी पडद्याच्या दोन्ही बाजूंची कारंजी पाहा, मग बाल्कनीच्या मागच्या रांगेत जाऊन छताच्या रेषा कोठे मिळतात ते पाहा. छायाचित्र टाकलेत, तर खाली नामजोशींचे नाव लिहा.

पुढचा धागा : जयपूरचे राजमंदिर.