पत्रीतला धोतरा आणि खिशातला पंप

चतुर्थीच्या सकाळी ताम्हनात एकवीस पत्री मांडताना दूर्वा, शमी, माका, आघाडा यांच्या जोडीला धोतऱ्याचे पान असते. काचीगुडा आणि सुलतान बाजाराच्या वाड्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला आठवत असेल, मुलांनी पत्रीला हात लावला की आजी आधी धोतराच बाजूला काढायची. हे पान विषारी आहे, हे तिला ठाऊक होते. दम्याच्या आजच्या औषधांचा एक धागा मात्र याच पानाशी जाऊन मिळतो.

चरकसंहितेत दम्याला ‘तमक श्वास’ म्हटले आहे आणि श्वासाच्या विकारांवर औषधी धुराचे विधीही सांगितले आहेत. दक्षिणेत दमेकरी धोतऱ्याचा धूर ओढत असत. मद्रासेतील इंग्रज वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांना हा उपाय माहीत होता. १८०२ मध्ये जनरल जेंट यांनी तो ब्रिटनमध्ये नेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडच्या औषधांच्या दुकानांत दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी मिळत होत्या.

धोतऱ्यात अॅट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात. त्यांनी श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात. पण कोणत्या पानात ती किती आहेत, याचा नेम नसतो. प्रमाण थोडे जास्त झाले तरी छाती धडधडते, माणूस भ्रमतो, प्राणही जाऊ शकतो. म्हणून हा प्रयोग घरी कोणीही करू नये. त्याच द्रव्याच्या रेणूत बदल करून तयार केलेले इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमधून मोजून देता येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अॅड्रेनालीन आले. त्याने श्वास लगेच मोकळा होई. ते टोचून घ्यावे लागे, किंवा काचेच्या उपकरणाचा रबरी फुगा दाबून त्याचा फवारा ओढावा लागे. ही उपकरणे फुटत आणि मात्राही नीट मोजली जात नसे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, केसांचा फवारा डब्यातून येतो, मग माझे औषध तसे का येत नाही? मुलगी तेरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, दर दाबाला ठराविक मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. साठच्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने तरुण मुले दगावू लागली. तिथे आयसोप्रिनॅलीनचे नेहमीपेक्षा पाचपट तीव्र पंप विकले जात होते. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाही मिळत. १९६८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली, डॉक्टर सावध झाले आणि मृत्यू घटले. नेमके कारण काय, यावर पुढे बराच वाद झाला. काहींनी हृदयावरच्या परिणामाला दोष दिला. काहींचे म्हणणे असे की पंपाने तात्पुरते बरे वाटते, म्हणून माणूस घरीच थांबतो आणि रुग्णालयात पोचायला उशीर होतो. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या पंपाबाबत पुन्हा तसेच झाले. १९८९ नंतर त्याचा वापर आवरला, तेव्हा मृत्यूही कमी झाले.

दरम्यान १९६९ मध्ये साल्ब्युटॅमॉल आले. ते हृदयाला बरेच कमी त्रास देते. आपल्याकडचा ओळखीचा निळा पंप तो हाच. १९७२ मध्ये श्वासातून घ्यायचे स्टेरॉइडही आले. निळा पंप नळी उघडतो, पण तिच्या आतली सूज उतरवत नाही. सूज उतरवण्याचे काम स्टेरॉइडचे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की केवळ निळ्या पंपावर दमा सांभाळू नये.

आमच्या मंडळात मात्र आजही उलटेच ऐकू येते. रोजचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून बंद केला जातो आणि निळा दिवसातून पाच वेळा दाबला जातो. खरे तर धोक्याची खूण हीच आहे. आठवड्यातून दोनहून अधिक वेळा निळा पंप लागत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. पंप घेऊनही आराम पडत नाही, किंवा चार तासांच्या आत पुन्हा धाप लागते, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, अशा वेळी वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पंप देत राहावे.

पंप घेण्याचीही रीत आहे. तो हलवावा, टोपण काढावे, श्वास पूर्ण सोडावा. मग सावकाश श्वास आत घेऊ लागताच दाबावा आणि श्वास दहापर्यंत मोजून रोखावा. दुसरी मात्रा लागली तर अर्धा-एक मिनिट थांबून घ्यावी. मुलांना आणि वृद्धांना स्पेसर लावून द्यावा, म्हणजे औषध घशात न अडकता छातीत उतरते. कॅप्सूल घालून ओढायच्या रोटाहेलरला मात्र जोराचा, खोल श्वास लागतो. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी. डब्यात किती मात्रा उरल्या आहेत आणि मुदत कधी संपते, तेही पाहून ठेवावे.

आता दहा दिवस मांडवात धूप, कापूर, उदबत्ती असेल. हुसेनसागरच्या वाटेवर गुलाल आणि फटाक्यांचा धूर असेल. आपल्यातले जे दमेकरी आहेत, त्यांनी पंप घरच्या कपाटात न ठेवता खिशात ठेवावा आणि तो कुठे आहे हे शेजारच्या माणसाला सांगून ठेवावे. चारचौघांत पंप काढायला लाजू नये. आजीने धोतरा बाजूला ठेवला, तो औषधाच्या भीतीने नव्हे. त्याची ताकद ती ओळखून होती. खिशातल्या पंपाशीही आपण तसेच वागावे.

गणपती बाप्पा मोरया!